गॅसची नळी आणि शेगडी घरच्या घरी बदलावी का?

प्रश्न: सिलिंडरची केशरी नळी कडक झाली आहे. स्वतः बदलली तर चालेल का? पुढच्या महिन्यात पाइपचा गॅस येतोय, तेव्हा शेगडीही स्वतःच जुळवावी म्हणतो.

उत्तर १: नळी बदलता येते. आयएसआय खुणेची, आयएस ९५७३ या मानकाची सुरक्षा नळीच घ्या, लांबी दीड मीटरपर्यंत. छापलेली मुदत बघा. ५ वर्षांनी किंवा चीर दिसताच ती बदलायची. आधी रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा. नळी दोन्ही तोट्यांवर पूर्ण सरकवा, मग साबणाचे पाणी लावून बुडबुडे तपासा. काडी पेटवून कधीच नाही! व्हॉल्व्हमधली रबरी रिंग गेली असेल तर वितरकालाच बोलवा.

उत्तर २: पाइपच्या गॅसचं मात्र स्वतः काही करू नका. मीटर आणि तिथवरची पाइपलाइन कंपनीची असते. शेगडीचे जेटही (गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्या) वेगळे लागतात: या गॅससाठी छिद्र मोठं. तीच शेगडी पुन्हा सिलिंडरला जोडली तर ज्योत पिवळी, उंच आणि काजळी धरणारी होते.

उत्तर ३: वास आला तर विजेचं बटण चालूही नको, बंदही नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून दारं उघडा. मदतीसाठी १९०६.