मॉनिटरिंग: पाळत, देखरेख, निगा की उस्तवार?

विचारणा (अनगोळ, बेळगाव)
मराठी माध्यमातून आलेल्या डिप्लोमाच्या मुलांसाठी जावा सर्व्हरवर टिपणं लिहितोय. बेळगावात बसून बेंगळुरूतला चालू टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) कसा बघायचा आणि न थांबवता त्यात बदल कसे करायचे, असा धडा आहे. ‘दूरस्थ संनियंत्रण व व्यवस्थापन’ असं शीर्षक दिलं, तर वर्गात कुणालाच अर्थ लागला नाही. मग ‘पाळत’ लिहिलं. त्यावर एका मुलीनं विचारलं, “सर, सर्व्हरवर संशय हाय काय?” तिचं बरोबर होतं. पाळत चोरावर ठेवतात. मग काय लिहू?

खानापूर
सर, ‘राखण’ बघा. आमच्याकडं भात पोसवलं की रात्री माळ्यावर बसून रानडुकरं हाकलतात. लांबून बघणं आणि वेळ आली की उठणं, दोन्ही त्यात येतं.

निपाणी
दादा, राखण बाहेरून येणाऱ्यापासून असते. इथं दुखणं आतलं असतं: हीप (प्रोग्रॅम वापरतो ती मेमरी) भरत चाललीय, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) अडकलेत. शिवाय दोन कामांना एकच शब्द वापरला तर घोटाळा होईल, कारण जावानं ती आधीच वेगळी केलीत. जेएमएक्स म्हणजे चालू जावा प्रोग्रॅम बघायची आणि बदलायची सोय. तिच्या अ‍ॅक्सेस फाइलीत दोन नावं असतात, मॉनिटररोल आणि कंट्रोलरोल. पहिल्याला रीडओन्ली (फक्त वाचायची मुभा), दुसऱ्याला रीडराइट (बदलायचीही). जेकॉन्सोलमध्ये (जेएमएक्सनं सर्व्हर बघायचं साधन) पहिल्या नावानं शिरलात तर हीप किती वापरलीय ते दिसतं, पण ‘परफॉर्म जीसी’ (नको असलेली मेमरी मोकळी कर) दाबून उपयोग नाही, परवानगी नाकारली जाते. एमबीनचं (जेएमएक्समध्ये सर्व्हरच्या एकेका भागासाठी असलेला ऑब्जेक्ट) अ‍ॅट्रिब्यूट वाचणं वेगळं आणि त्याचं ऑपरेशन चालवणं वेगळं. (आणि सर, मुलांना हे नक्की सांगा: पासवर्ड बंद करून जेएमएक्सचा पोर्ट बाहेर उघडा ठेवायचा नाही. तिथून परका माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो.)

वाचण्याला ‘नजर ठेवणे’ पुरे. बदल करण्याला मी ‘उस्तवार’ म्हणेन. आमच्या तंबाखूत शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, तेही पीक उभं असताना. उपटून परत लावायची सोय नाही. रीस्टार्ट न करता लॉगची पातळी (नोंदी किती बारीक ठेवायच्या ते) बदलणं म्हणजे हेच, उभ्या पिकाची उस्तवार.

शहापूर, बेळगाव
उस्तवार शब्दाला माझा मनापासून पाठिंबा, पण आपल्या भागात एक अडचण आहे. कन्नडात उस्तुवारी म्हणजे जबाबदारी, अधिकार. महाराष्ट्रात ज्यांना पालकमंत्री म्हणतात त्यांना इथं ‘उस्तुवारी सचिव’ म्हणतात. आपण मराठीत उस्तवार आजाऱ्याची करतो, पिकाची करतो. ‘निगा’चंही तसंच. मूळ फारसी ‘निगाह’, म्हणजे नजर. कन्नडानं तो अर्थ धरून ठेवला. ‘निगा इडु’ म्हणजे लक्ष ठेव. मराठीत निगा राखणं म्हणजे जपणं, काळजी घेणं. घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलणाऱ्या मुलाला ‘सर्व्हरची निगा’ म्हटलं तर तो नुसतं बघत बसेल. म्हणून निगा नको. उस्तवारीत तो धोका कमी, कारण कन्नड अर्थ घेतला तरी ‘सांभाळायची जबाबदारी’ एवढं हाती लागतंच.

विचारणा (अनगोळ)
शीर्षक बदललं: ‘चालत्या सर्व्हरवर लांबून नजर आणि त्याची उस्तवार’. ‘दूरस्थ’ काढून टाकलं. ऑफिसात आम्ही “तो सर्व्हर काय करालाय बघ जरा” असंच म्हणतो, तिथं दूरस्थ कुठून आणू?
अजून एक अडलंय. मेमरीनं ठरवलेली मर्यादा ओलांडली की एमबीन स्वतःहून नोटिफिकेशन पाठवतो. ‘सूचना’ लिहिलं की मुलांना वाटतं आपण सर्व्हरला सूचना द्यायची.

खानापूर
वर्दी. माळ्यावरनं हाळी येते तशी. सर्व्हरनं वर्दी दिली.