नवा इथरनेट पीएलसी आणि जुनं सिरियल पॅनेल: गेटवे लावून जोडावं की पॅनेलच बदलावं?

वायरडक्ट (धागाकर्ता)

पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) बदलायचं ठरलं की प्रस्तावात नवं ऑपरेटर पॅनेलही आपोआप येऊन बसतं. कंट्रोलर इथरनेटचा, मग कंट्रोल कपाटाच्या दारावरचा एचएमआय (म्हणजे ऑपरेटर पॅनेल) सुद्धा इथरनेटचाच हवा, असं सगळे धरूनच चालतात. मला हे साफ अमान्य आहे.

जुना पीएलसी काढावा लागतो त्याला कारणं असतात. सुटी कार्डं मिळत नाहीत, प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजच्या पुढे सरकत नाही. पॅनेलचं तसं नाही. ते चालू आहे, ऑपरेटरला त्याचं पानन् पान पाठ आहे, रात्री अलार्म आला तर कुठली कळ दाबायची हे त्याला विचार न करता कळतं. अडतं एकाच जागी: पॅनेलच्या पाठीला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट आणि नव्या कंट्रोलरला नुसते आरजे४५ (इथरनेट केबलचे सॉकेट).

उदाहरणार्थ, मॉडबस बोलणारं पॅनेल घ्या. मॉडिकॉनने १९७९ साली आणलेला हा प्रोटोकॉल सिरियलवर काय आणि इथरनेटवर काय, आतून एकच आहे. तेच फंक्शन कोड (वाच, लिही अशा आज्ञा), तीच रजिस्टरं (आकडे ठेवायच्या क्रमांकित जागा). आरटीयू (सिरियलवरचा मॉडबस) फ्रेमच्या शेवटचा दोन बाइटांचा सीआरसी (चूक पकडणारा आकडा) काढायचा, पुढे सात बाइटांचं हेडर लावायचं (स्लेव्हचा, म्हणजे उत्तर देणाऱ्या उपकरणाचा, क्रमांक त्यातच जातो) आणि टीसीपी पोर्ट ५०२ वर सोडून द्यायचं. एक छोटा गेटवे (दोन बाजूंमधला दुभाषा डबा) एवढं काम बिनबोभाट करतो. नव्या पीएलसीत जुनेच रजिस्टर पत्ते ठेवले तर पॅनेलला हात लावावा लागत नाही आणि शटडाऊन एका कंट्रोलरपुरता राहतो. चालू पॅनेल भंगारात टाकणं ही उधळपट्टी आहे.

नाइटशिफ्ट

असहमत. तुम्ही खर्चाचं बोलताय, मी पॅनेलवर दिसणाऱ्या आकड्याचं बोलतोय.

गेटवे दोन जातीचे असतात. पहिला पॅनेलची प्रत्येक विचारणा तशीच पुढे पाठवतो आणि पीएलसीचं उत्तर तसंच मागे आणतो. दुसरा स्वतःच पीएलसीकडून डेटा वाचून आपल्या मेमरीतल्या तक्त्यात ठेवतो आणि पॅनेलला त्या तक्त्यातून उत्तर देतो. दोन बाजूंना दोन वेगळे प्रोटोकॉल असले की बहुतेक वेळा हा दुसराच पदरात पडतो. आता पीएलसीकडची इथरनेट केबल निघाली असं धरा. पॅनेल विचारतं, गेटवे उत्तर देतो. सीआरसी बरोबर, उत्तर वेळेत, पातळी ६२.४ टक्के. टाकी भरत चाललीय, आकडा ६२.४ वरच. पॅनेलच्या लेखी संपर्क उत्तम आहे, त्यामुळे 'कम्युनिकेशन एरर' येतच नाही.

हे मी चालू प्लांटमध्ये पाहिलंय. ऑपरेटर बघत होता तो आकडा शिळा होता आणि ते कळायला त्याच्याकडे काही मार्ग नव्हता. थेट सिरियल केबल होती तेव्हा ती तुटली की स्क्रीनवर लगेच बोंब व्हायची. ती बोंब गेटवेने बंद केली.

वायरडक्ट

@नाइटशिफ्ट, हा दोष सेटिंगचा आहे. पीएलसीचा संपर्क तुटल्यावर काय करायचं ते चांगल्या गेटवेत निवडता येतं: शेवटचे आकडे धरून ठेव, सगळं शून्य कर, किंवा पॅनेलला उत्तरच देऊ नको. तिसराच पर्याय निवडायचा. उत्तर आलं नाही की पॅनेल पूर्वीसारखं स्वतःहून एरर दाखवतं. शून्य करणं सगळ्यात घातक, कारण शून्य टक्के पातळी हा खराही आकडा असू शकतो आणि तो बघून कुणीतरी भरलेल्या टाकीवर पंप सुरू करेल. ज्या गेटवेत 'उत्तर देऊ नको' ही सोय नाही तो घ्यायचाच नाही, हे मी खरेदीच्या अटीत लिहितो.

टॅगवही

तुम्ही दोघंही केबलपाशी थांबलात. कामाचा खरा वेळ पत्त्यांत जातो.

जुनं ॲलन-ब्रॅडली पॅनेल एन७:१० (फाइल ७, जागा १०) असा पत्ता मागतं. त्याच कंपनीच्या नव्या लॉजिक्स कंट्रोलरमध्ये असे पत्तेच नाहीत, नावाचे टॅग आहेत. त्यासाठी कंट्रोलरमध्ये पीएलसी/एसएलसी मेसेज मॅप करायची सोय आहे: फाइल क्रमांक ७ ला एक टॅग जोडून द्यायचा. तो टॅग १६ बिटांच्या आयएनटीचा (पूर्णांकाचा) ॲरे, म्हणजे रांग, हवा, आणि नवा प्रोग्राम लिहिणारा तर सवयीने ३२ बिटांचा डीआयएनटी वापरत असतो. मग प्रत्येक स्कॅनला (प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीला) खरे टॅग या ॲरेत उतरवायचे आणि पॅनेलने लिहिलेलं परत उचलायचं. सीमेन्सच्या एस७-१२०० आणि एस७-१५०० मध्ये डेटा ब्लॉकचा ऑप्टिमाइज्ड ॲक्सेस (ज्यात आतल्या जागांना ठरावीक पत्ते नसतात) बंद केल्याशिवाय पत्त्याने वाचणाऱ्या जुन्या उपकरणाला आतलं काही दिसत नाही.

फ्लोटचं वेगळंच. दशांशाची किंमत ३२ बिटांची, मॉडबसचं रजिस्टर १६ बिटांचं. १००.० ही किंमत हेक्समध्ये ४२सी८ आणि ०००० अशा दोन तुकड्यांत जाते. तुकड्यांचा क्रम उलटला की पॅनेलवर सरळ ०.० येतं, कारण उलट जोडलेली किंमत कुठल्याही पॅनेलच्या दशांशात दिसणार नाही इतकी सूक्ष्म असते. लोक अशा वेळी ट्रान्समीटर (मोजमाप पाठवणारं उपकरण) तपासत बसतात.

मी पॅनेल ठेवण्याच्या बाजूची आहे. पण पॅनेलला हात लागत नाही तो पीएलसीच्या प्रोग्रामला लागतो. त्या कॉपीच्या ओळींवर ठळक कॉमेंट नसेल तर पुढचा माणूस त्या निरुपयोगी समजून उडवून टाकेल.

तारजोड

गेटवे हवाच कशाला? नव्या पीएलसीलाच सिरियल मॉड्यूल लावा. एस७-१२०० ला सीएम १२४१ लावून मॉडबस स्लेव्हचा ब्लॉक टाकला की पॅनेल थेट कंट्रोलरशी बोलतं. मधला डबा गेला, त्याचा २४ व्होल्टचा सप्लाय गेला, त्याचा आयपी पत्ता आणि पासवर्डही गेला. मुख्य म्हणजे पॅनेलची शेवटची विचारणा कधी आली ते पीएलसीला स्वतःला कळतं. नाइटशिफ्टचा आक्षेप इथे उरत नाही.

टॅगवही

@तारजोड, पॅनेल मॉडबस बोलत असेल तर तुमचं शंभर टक्के मान्य. पण डीएफ१ (ॲलन-ब्रॅडलीचा प्रोटोकॉल) किंवा एमपीआय (सीमेन्सचा) बोलणाऱ्या पॅनेलचं काय? एमपीआय आरएस-४८५ या सिरियल तारजोडणीवरच चालतो, साधारणपणे १८७.५ केबीपीएसने, तरी साध्या सिरियल मॉड्यूलला तो समजत नाही. तारा जुळल्या म्हणून प्रोटोकॉल जुळत नाही. तिथे गेटवेशिवाय गत नाही.

एक सावधगिरी सगळ्यांसाठी. सिरियल डिव्हाइस सर्व्हर नावाचा जो स्वस्त डबा मिळतो तो गेटवे नव्हे. तो बाइट जसेच्या तसे टीसीपीत ढकलतो. पोर्ट ५०२ वर बसलेल्या पीएलसीला आरटीयूची कच्ची फ्रेम कळत नाही. आणि घ्याल तो गेटवे पॅनेल मास्टर (विचारणारं) असताना चालतो का हे आधी बघा. बरेच गेटवे सिरियल बाजूला स्लेव्ह आहेत असं मानून बनवलेले असतात, म्हणजे ऊर्जा मीटर वगैरे. आपल्याकडे उलटं असतं: विचारणारं पॅनेल सिरियलवर आणि उत्तर देणारा पीएलसी इथरनेटवर.

नाइटशिफ्ट

वाचण्याचं झालं, आता लिहिण्याचं घेऊ. माझी खरी भीती तिथे आहे.

जॉगचं बटण घ्या, म्हणजे दाबून धरलं तेवढाच वेळ मशीन हलवणारं. ऑपरेटरने पॅनेलवर बोट ठेवलं की पॅनेल १ लिहितं, बोट उचललं की ० लिहितं. १ पोचला, कन्व्हेअर हलला आणि त्याच क्षणी पॅनेलची सिरियल केबल सैल झाली. ० कधीच पोचला नाही. पीएलसीला काय दिसतं? गेटवेशी टीसीपी जोडणी ठणठणीत आहे. पॅनेल मेलंय हे त्याला कळत नाही, कारण तो पॅनेलशी बोलतच नाही, गेटवेशी बोलतो. कन्व्हेअर चालूच राहतो.

तुम्ही म्हणाल, हार्टबीट (जिवंत असल्याची ठरावीक वेळाने येणारी खूण) टाका. पण हार्टबीट पॅनेलकडून यायला हवा. स्वतःहून दर सेकंदाला एक आकडा वाढवून लिहिण्याची सोय जुन्या पॅनेलांपैकी सगळ्यांत नसते.

वायरडक्ट

हा धोका थेट सिरियल केबललाही होता. तेव्हाही ० हरवू शकत होता आणि कित्येक मशीनवर त्यावर काही उपाय केलेला नव्हता. म्हणून तो गेटवेच्या नावावर लिहू नका. उपाय आहे: जॉगचा बिट आल्यापासून पीएलसीत टायमर चालू करायचा आणि ठरावीक वेळेनंतर तो बिट पीएलसीनेच पाडायचा, बोट अजून दाबलेलं असलं तरी. चालवायचं असेल तर पुन्हा दाबा. सिरियल बाजूची शेवटची विचारणा किती वेळापूर्वी आली हे गेटवे एखाद्या स्टेटस रजिस्टरमध्ये देत असेल तर तेही प्रोग्राममध्ये घ्यावं.

तारजोड

टायमर किती सेकंदांचा? तेवढ्या वेळात कन्व्हेअरवर एखाद्याचा हात कुठवर जाईल? जॉगला दारावर खरं पुश बटण लावा आणि थेट पीएलसीच्या इनपुटला वायर करा. इमर्जन्सी स्टॉप तर कुठल्याही पॅनेलवर, जुन्या वा नव्या, कधीच नको. तो हार्डवायरच.

बॉडरेट

वेगाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ईव्हन पॅरिटी (चूक पकडायचा एक जादा बिट), म्हणजे प्रत्येक बाइटला ११ बिट. १०० रजिस्टरं वाचायला ८ बाइटांची विचारणा आणि २०५ बाइटांचं उत्तर. २१३ गुणिले ११ भागिले ९६००, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद नुसता तारेवर. इथरनेट कितीही वेगवान असलं तरी हा पाव सेकंद कमी होत नाही. गेटवेची भर त्यावर. पॅनेलचा टाइमआउट (उत्तराची वाट बघायचा वेळ) गेटवेच्या टाइमआउटपेक्षा मोठा ठेवा, नाहीतर पॅनेल कंटाळून पुन्हा विचारतं, मागचं उत्तर उशिरा येतं आणि एरर येत-जात राहतात. असा येता-जाता दोष शोधणं फार जिकिरीचं.

पॅनेलदुरुस्ती

माझ्या बाकावर ही पॅनेलं रोज येतात, म्हणून दुसरी बाजू मांडते. "पॅनेल चालू आहे" म्हणजे आज चालू आहे. आतला बॅकलाइट फ्लुरोसंट नळीचा असतो, तो हळूहळू अंधुक होतो आणि ऑपरेटर वाकून वाचायला लागतो तरी कुणी तक्रार करत नाही. काही मॉडेलांत स्क्रीनचा प्रोग्राम बॅटरीच्या जोरावर टिकून असतो. वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली की पॅनेल कोरं.

मी प्रत्येकाला विचारते, प्रोजेक्टची मूळ फाइल आहे का? एडिट करता येईल अशी? पॅनेलमधून काढलेल्या फाइलमध्ये पुष्कळदा बदल करता येत नाहीत. आणि ती उघडणारं सॉफ्टवेअर १६ बिटांचं असेल तर ते ६४ बिटांच्या विंडोजवर चालणारच नाही. मूळ फाइल नसेल तर गेटवेचा विषय बंद करा आणि पॅनेल जिवंत आहे तोवर प्रत्येक पानाचे फोटो काढून घ्या. नवं पॅनेल बनवताना तेच कामाला येतील.

वायरडक्ट

@पॅनेलदुरुस्ती, फाइलचा मुद्दा पूर्ण मान्य. फाइल हाताशी असेल आणि पॅनेलवर वाचन, सेटपॉइंट (ठरवून द्यायच्या किमती) आणि अलार्म एवढंच असेल, तर मी पॅनेल ठेवणारच. हालचाल घडवणारी बटणं असतील तर तारजोड म्हणतात तसं ती दारावर वायर करून घेईन आणि पॅनेलवरून काढून टाकीन. तरीही हे नव्या पॅनेलपेक्षा कमी कामाचं आहे. नव्या पॅनेलला जुनं कटआउट (दारातलं भोक) बहुतेक वेळा बसत नाही, दारावर ॲडॉप्टर प्लेट लागते, गॅस्केटचं सील पुन्हा जमवावं लागतं आणि सगळ्या शिफ्टना नवी स्क्रीन शिकवावी लागते.

नाइटशिफ्ट

तरी माझं मत तेच. तुम्ही असाल तोवर गेटवे नीट चालेल. तुमच्यानंतर त्या डब्यात काय सेट केलंय हे कुणाला ठाऊक असेल? लावणारच असाल तर गेटवेचं कॉन्फिगरेशन आणि पत्त्यांचा तक्ता छापून कंट्रोल कपाटाच्या दाराच्या आत लावा, डीफॉल्ट पासवर्ड बदला आणि कमिशनिंगच्या (मशीन सुरू करून देण्याच्या) वेळी ऑपरेटरसमोर दोन्ही केबल एकेक करून उपटून दाखवा. दोन्ही वेळा स्क्रीनवर एरर आली नाही तर मी त्या मशीनच्या हँडओव्हरवर सही करणार नाही.