सोयाबीनला कोटिंग केल्याने उगवण खरंच वाढते का?

हिरवंरान: नमस्कार मंडळी, सोयाबीन पेरून ९ दिवस झाले, १० दाण्यातले ६च वर आलेत, तासं नुसती विरळ दिसतायत. एक जण म्हणाला पॉलिमर कोटिंगचं (दाण्यावर पातळ थर दिलेलं) रंगीत बियाणं घेतलं असतं तर सगळं उगवलं असतं. खरंय का हे? घरच्या बियाण्याला घरीच काही लावलं तर चालतं का?

काळीमाती: दादा आधी जे उगवलं नाही ते उकरून बघा. दाणा कुजून लिबलिबीत झाला असेल तर बुरशी नाहीतर बियाणंच कमजोर, आणि कोंब वाकडा होऊन पपडीखाली, म्हणजे वाळून कडक झालेल्या मातीच्या थराखाली, अडकला असेल तर पेरणीनंतर जोराचा पाऊस येऊन लगेच ऊन पडल्याचा परिणाम. पपडीपुढे कोटिंगचं काही चालत नाही, मेलेल्या दाण्यातही ते जीव आणत नाही. पुढच्या वेळी पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा न् ५-७ दिवसांनी मोजा.

बीजराखी: कोटिंगचा फायदा आहे पण नेमका कशाला ते समजून घ्या. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, मळणीत मार बसला किंवा पोती आपटली की आत इजा होते, मग असा दाणा जमिनीत पाणी झपकन ओढतो आणि आतल्या पेशीच फुटतात, गार ओल्या जमिनीत तर जास्तच. पॉलिमरचा थर ते पाणी जरा हळू आत जाऊ देतो, शिवाय औषध दाण्याला धरून राहतं, उडत नाही. गोळीसारखं जाड कोटिंग वेगळं हं, ते गाजर-कांद्यासारख्या बारीक बियाण्याला, यंत्राने एकेक दाणा टाकता यावा म्हणून करतात, आणि ओल कमी पडली तर ती गोळी नीट फुटतच नाही.

काळीमाती: घरी करायचं तर आधी बुरशीनाशक, मग लागलं तर कीटकनाशक, रायझोबियम (मुळांवर गाठी करणारं जिवाणू खत) सगळ्यात शेवटी, पेरणीच्या दिवशीच. थायरम हे बुरशीनाशक किलोभर बियाण्याला ३ ग्रॅम. हातमोजे घाला, दाणे जोरात चोळू नका, सावलीत सुकवा, उन्हात जिवाणू मरतात. सोयाबीन भिजत तर अजिबात घालू नका. आणि ३-४ सेंमीपेक्षा खोल पेरू नका!

हिरवंरान: आत्ताच ५ ठिकाणी उकरून आलो, ४ ठिकाणी कोंब पिवळा पण जिवंत, वर पपडी कडक. आता काय करू?

बीजराखी: जिवंत आहेत ना, मग आजच तुषारने हलकं पाणी द्या, पपडी मऊ होईल. कोळपं घालू नका, कोंब मोडतील. जे वर येणार ते २-३ दिवसात दिसेल, त्यानंतरच नांग्या भरा, म्हणजे रिकाम्या जागी परत दाणे टाका.