कान्हेरीच्या रिकाम्या खोल्या

एकांनी लिहिलंय की अजिंठा बघितल्यावर मुंबईतल्या कान्हेरी लेण्यांत बघण्यासारखं काही उरत नाही, नुसत्या रिकाम्या खोल्या. मला हे अजिबात पटत नाही. त्या खोल्याच तर बघायच्या! शंभरावर लेणी असलेला हा बौद्ध विहार म्हणजे भिक्षूंचं अख्खं गाव होतं.

बहुतेक जण ३ नंबरचं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन) आणि व्हरांड्यातल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती बघून परत फिरतात. चैत्यगृह सुंदर आहेच, तिथले काही खांब नक्षीदार आणि बाकीचे साधे अष्टकोनी का राहिले, याचा विचार करत मी बराच वेळ बसले होते. पण पुढच्या वेळी पायऱ्या चढून वर जा आणि पायाखाली बघा. कातळात बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरल्यात. छतावरचं पावसाचं पाणी त्यातून ओघळत थेट दाराशेजारच्या टाक्यात जातं. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय, आणि ती खोदायला कल्याण-सोपाऱ्याकडच्या लोकांनी दान दिलंय. जवळपास प्रत्येक खोलीला स्वतःचं पाणी! ऐन मे महिन्यात मी एका टाक्यात वाकून पाहिलं तर तळाशी अजून गार पाणी होतं.

११ नंबरच्या दालनातले दोन लांबलचक, बुटके दगडी बाक चुकवू नका. आणि जमलं तर जुलैत जा, पन्हळी वाहताना दिसतात. शेवाळामुळे पायऱ्या निसरड्या होतात, तेवढं जपून.