मध दाखवणारा पक्षी खरोखर माणसाला वाट दाखवतो का?

येऊर पायथा:
घोडबंदर रोडवरच्या आमच्या समोरच्या इमारतीच्या सज्जाखाली आग्या मोहोळ लागले आहे. रविवारी मोहोळ घारीने त्यावर झडप घातली आणि पोळ्याचा तळहाताएवढा तुकडा पंजात धरून ती येऊरच्या डोंगराकडे गेली. ते पाहून मुलीने विचारले, की आफ्रिकेत एक पक्षी माणसांना मधापर्यंत नेतो, हे खरे का? तो पाळलेला असतो का, की आई-वडिलांकडून शिकतो? जाणकारांनी कृपया सांगावे.

मधुछत्र:
खरे आहे, आणि तो पक्षी पूर्णपणे रानटी असतो. ग्रेटर हनीगाइड हा सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतला पक्षी माणसाजवळ येऊन बडबड्या आवाजात बोलावतो, पुढच्या झाडावर जाऊन बसतो आणि माणूस जवळ आला की पुन्हा पुढे सरकतो. ढोलीतले पोळे त्याला ठाऊक असते, पण धूर आणि कुऱ्हाड माणसाकडेच असते. माणसाला मध मिळतो, पक्ष्याला मेण व अळ्या. मेण पचवू शकणारे पक्षी फार थोडे आहेत.

मोझांबिकमधील याओ लोक 'ब्रर्र-ह्म्' अशी हाक देतात. क्लेअर स्पॉटिसवूड आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधील प्रयोगात या हाकेमुळे पक्षी वाट दाखवण्याची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेली, तर पोळे सापडण्याची १७ वरून ५४ टक्क्यांवर. मध काढून झाल्यावर याओ लोक पक्ष्यासाठी मेण ताज्या पानांवर मांडून ठेवतात. मला या साऱ्यात हेच सर्वांत मोलाचे वाटते.

रानपाखरू:
मेण ठेवण्याची रीत सगळीकडे नाही. टांझानियातील हाड्झा लोक पक्षी भुकेला राहून पुढेही वाट दाखवत राहावा म्हणून कधीकधी मेण जाळतात किंवा पुरतात. ते हाकेऐवजी शीळ घालतात, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हीकडचे पक्षी आपल्याच भागातल्या हाकेला अधिक प्रतिसाद देताना आढळले. आई-वडिलांकडून शिकण्याचा मात्र प्रश्नच नाही, कारण ही मादी कोकिळेप्रमाणे दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालते. म्हणजे त्या त्या भागातल्या माणसांची हाक पिल्लू मोठेपणी अनुभवाने शिकत असावे.

सातेरी:
आपल्याकडे हिमालयात याच कुळातला एक पक्षी कड्यांवरच्या मोहोळांचे मेण खातो, पण तो माणसाला वाट दाखवत असल्याची नोंद नाही. मोहोळ घार तर स्वतःच पोळे फोडते, तिला आपली गरज नाही. मुलीला एक जरूर सांगा: घार पोळ्यावर आली की चवताळलेल्या माश्या समोर दिसेल त्याच्या मागे लागतात, त्यामुळे खिडक्या लगेच बंद कराव्यात आणि पोळ्याखालून कोणालाही जाऊ देऊ नये.