प्रतिसाद: बॅटरी आहे म्हणून राइट-बॅक, पण डिस्कच्या कॅशचं काय?

रेड कंट्रोलरला (सर्व्हरमधल्या अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) बॅटरी असेल तर राइट-बॅक (डेटा कंट्रोलरच्या कॅश मेमरीत आला की लगेच 'झालं' सांगायचं, डिस्कवर नंतर लिहायचं) बिनधास्त चालू करा असं वर म्हटलंय, ते बरोबरच आहे, रेड ५ किंवा ६ वर (एखादी डिस्क बिघडली तरी डेटा वाचवणाऱ्या रचना) छोटे छोटे रँडम राइट असतील तर राइट-थ्रूवर, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्यावरच 'झालं' सांगण्यात, जीव जातो. पण एक गोष्ट राहून गेली. ती बॅटरी फक्त कंट्रोलरवरची मेमरी सांभाळते, प्रत्येक डिस्कच्या आत स्वतःची वेगळी कॅश असते आणि तिला या बॅटरीचा काडीचा उपयोग नाही. सेटिंगमधे 'डिस्क कॅश पॉलिसी' म्हणून वेगळा पर्याय असतो, तो बऱ्याचदा डिफॉल्टवरच सोडलेला असतो, म्हणजे डिस्क जशी आली तशी, आणि साटा डिस्क साधारण कॅश चालू ठेवूनच येतात. मग लाइट गेली की डेटाबेसला वाटतं कमिट झालं, म्हणजे डेटा कायमचा लिहिला गेला, कंट्रोलरलाही वाटतं झालं, आणि डेटा गेला हवेत. हार्ड डिस्क असतील तर ही डिस्कची कॅश बंदच करा. एसएसडीमधे पॉवर लॉससाठी कपॅसिटर (लाइट गेल्यावर कॅशमधलं लिहून काढण्यापुरती वीज साठवणारे) असतील तर चालू ठेवायला हरकत नाही.

आणि हो, मधेच काही तास राइट एकदम स्लो होतात अशी तक्रार असेल तर आधी कंट्रोलरचा लॉग बघा. जुन्या बॅटऱ्यांची लर्न सायकल (बॅटरी उतरवून पुन्हा चार्ज करत केलेली तिची तपासणी) चालू झाली की चार्ज उतरतो आणि कंट्रोलर गुपचूप राइट-थ्रूवर जातो. त्यावर वैतागून काहीजण 'ऑलवेज राइट-बॅक' लावतात, ते मात्र नको, त्यात बॅटरी मेली तरी कॅश चालूच राहते. त्यापेक्षा लर्न सायकल रात्रीच्या वेळेला लावता येते का बघा.