अ‍ॅलोआयसोल्यूसिनचा पीक (आलेखातला उंचवटा) सुटा येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही प्लाझ्मातली अमिनो आम्लं आयन-एक्स्चेंज क्रोमॅटोग्राफीने (कॉलममधून एकेक घटक वेगळा करून) मोजतो. लिथियम सायट्रेट बफर, कॉलमनंतर निनहायड्रिन (रंग आणणारं रसायन), ५७० नॅनोमीटरला बाकी सगळी आणि ४४० ला प्रोलीन, हायड्रॉक्सिप्रोलीन. रोजचं काम बिनबोभाट चालतं. घोडं अडतं ते एमएसयूडीचा (मेपल सिरप युरिन डिसीज, ल्यूसिनसारखी अमिनो आम्लं शरीरात मोडली न जाण्याचा जन्मजात आजार) संशय असलेल्या बाळांपाशी. तिथे डॉक्टरांना हवं असतं अ‍ॅलोआयसोल्यूसिन, म्हणजे त्या आजाराची खूण, ५ मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर आहे की नाही. आणि नेमका तोच इवलासा पीक मेथिओनिनच्या उतारावर चढून बसतो. सॉफ्टवेअर बेसलाइन (पीकखालची तळरेघ) वाट्टेल तिथून ओढतं.

कॉलमचं तापमान किंचित बदलल्यावर तो थोडा सुटला, पण मग व्हॅलिन आणि सिस्टिन एकमेकांना चिकटले. कोणी दुसऱ्या बफरचा पीएच बदलून पाहिलाय का? की बफर बदलण्याची वेळ पुढेमागे करणं बरं?

‘टँडम मासवर (वस्तुमानावरून रेणू ओळखणारं यंत्र) करा’ हा सल्ला कृपया नको. ल्यूसिन, आयसोल्यूसिन, अ‍ॅलोआयसोल्यूसिन, वर हायड्रॉक्सिप्रोलीन, सगळ्यांचं वस्तुमान १३१ च्या आसपास. कॉलम न लावता तिथेही सगळा एकच ढीग.

जाता जाता आणखी एक. बाहेरगावचे नमुने उशिरा पोहोचतात. तोवर सिस्टिन प्रथिनांना चिकटून कमी दिसतं, ग्लुटामिन उतरून ग्लुटामेट चढतं. नमुना घेतात तिथेच सल्फोसॅलिसिलिक आम्ल (प्रथिनं खाली बसवणारं) घालून, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी गोठवून मागवणारं कोणी आहे का? नॉरल्यूसिन (तुलनेसाठी ठरावीक मात्रेत घालायचं इंटर्नल स्टँडर्ड) तिथेच घालता की लॅबमध्ये आल्यावर?